तंबूतून दिसलेले वऱ्हाड

युद्धाविषयीचे वाङ्मय म्हटले की आपल्याला पोवाडा आठवतो, बखर आठवते, फार तर सेनापतीने धाडलेला खलिता आठवतो. या तिन्ही प्रकारांत लढाईचा दिवस भरगच्च असतो. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर माणसे काय खात होती, कुठे निजत होती, पाणी कुठून आणत होती, याची वार्ता त्यांत क्वचितच सापडते. ती शोधायची तर खासगी पत्रांकडे आणि रोजनिशीकडे वळावे लागते. वऱ्हाडच्या सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, आपल्या भूमीवर झालेल्या दोन मोठ्या लढायांच्या काळातील अशी पत्रे उपलब्ध आहेत. ती लिहिणारा मात्र वऱ्हाडचा नव्हता, मराठी मुलुखाचाही नव्हता. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा तो चोवीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण होता.

पुढे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन आपल्याला त्याच्या नावाच्या महाविद्यालयामुळे ठाऊक आहे. त्या गव्हर्नराशी येथे आम्हाला कर्तव्य नाही. १८०३ साली जॉन माल्कम आजारी पडल्यामुळे त्याच्या जागी जनरल ऑर्थर वेलस्लीच्या छावणीत फारसी जाणणारा चिटणीस म्हणून जो पोरसवदा अधिकारी दाखल झाला, त्याच्या पत्रांचा विचार आम्हाला करावयाचा आहे. एडवर्ड स्ट्रेची या मित्राला त्याने लिहिलेली ही पत्रे कोलब्रुक यांनी १८८४ साली प्रसिद्ध केलेल्या एल्फिन्स्टनच्या द्विखंडी चरित्रात आली आहेत. परक्या मुलुखात, शस्त्रांच्या खणखणाटात राहणारा माणूस आपला साधा दिवस कसा टिपतो आणि काय टिपायचे विसरतो, हे पाहण्यास या पत्रांइतके चांगले साधन आमच्या तरी पाहण्यात नाही.

प्रसंग थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर युद्ध वऱ्हाडात सरकले. २९ नोव्हेंबरला अडगाव येथे दुसरी लढाई झाली. इंग्रजी ग्रंथांतले ‘अर्गाम’ ते हेच. हे गाव आजच्या अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात आहे. भोसल्यांचे सैन्य रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली होते. लढाई उतरत्या दुपारी जुंपली, सूर्यास्ताला निकाल लागला आणि पळणाऱ्यांचा पाठलाग चांदण्यात झाला. पुढे पंधरा-सोळा दिवसांत इंग्रज फौज अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाला भिडली. कर्नल स्टीव्हन्सनने तोफा मेळघाटच्या डोंगरांतून, सैनिकांनीच खोदलेल्या वाटेने, माणसांच्या हातांनी ओढून उत्तरेच्या बाजूस चढवल्या. तटाला खिंडार पडले आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा. या लढायांची हकीकत मराठी वाचकाला यादव माधव काळे यांच्या १९२४ सालच्या ‘वऱ्हाडचा इतिहास’ या ग्रंथात वाचता येते. आम्ही इतिहासाची उजळणी करीत बसत नाही, पत्रांकडे वळतो.

मोहिमेतला एक नेहमीचा दिवस एल्फिन्स्टनने स्ट्रेचीला तपशिलाने वर्णन करून कळवला आहे. पहाटे साडेचारला कूचाचा इशारा होतो. तंबूच्या मेखा उपटल्याचा खडखडाट सुरू होतो आणि आपला तंबू उतरवला जात असतानाच हा गृहस्थ कपडे चढवतो. अंधारातच एका अधिकाऱ्याच्या तंबूत चहाचा पेला होतो. उजाडता उजाडता जनरल बाहेर येतो आणि त्याच्या तंबूसमोर मांडलेल्या मेजावर न्याहारी होते. थंडी इतकी, की सारे जण अंगात जाड कोट घालूनच खायला बसलेले. मग कूच. जनरल बहुधा धुळीच्या बाजूने घोडा चालवतो, त्यामुळे त्याची सोबत करायला कोणी फारसे उत्सुक नसते. तरुण मंडळी शिकारी कुत्री सोडून सशांमागे घोडी पिटाळतात. नव्या मुक्कामावर पोचल्यावर खुर्च्या आल्या असतील तर खुर्चीवर, नसतील तर भुईवर अंग टाकायचे. तंबू उभा राहिला की पुन्हा मटणाचे खाणे. मग हरकाऱ्यांनी आणलेल्या बातम्या, पत्रव्यवहार, वाचन, संध्याकाळची रपेट, जेवण आणि लवकर निद्रा.

या वर्णनाचे वाङ्मयीन गुण मान्य केलेच पाहिजेत. यात वीरश्रीचा आव नाही. लिहिणारा स्वतःला नायक करीत नाही आणि जनरललाही देव्हाऱ्यात बसवीत नाही. जो वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन नेपोलियनचा पाडाव करणार होता, तो येथे धुळीतून चालणारा आणि तंबूतल्या गालिच्यावर आडवा होणारा एक दमलेला माणूस आहे. हजार पानांच्या चरित्राने जे साधत नाही ते त्या धुळीच्या एका तपशिलाने साधले आहे. वाक्ये तुटक आहेत, बहुतेक वर्तमानकाळात आहेत. त्यामुळे दोनशेहून अधिक वर्षांनंतरही तो दिवस शिळा वाटत नाही. युद्धात माणूस चोवीस तास भीत नाही आणि चोवीस तास लढत नाही. तो चहा पितो, थंडीने कुडकुडतो, खुर्ची आली नाही म्हणून कुरकुरतो. हे सत्य सांगायला धैर्य लागते, कारण वाचकाला रणांगण हवे असते. एल्फिन्स्टनने ते धैर्य दाखवले आहे.

वेलस्लीच्या स्वतःच्या लेखनाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. त्याचे खलिते हे चोख कारभारी गद्य आहे. त्यांत तांदूळ, बैल, बंजाऱ्यांचे तांडे, नद्यांचे उतार यांचा सतत हिशेब असतो. सैन्य पोटावर चालते हे त्याला पुरते ठाऊक होते. पण त्या हिशेबात बैल मोजला जातो, बैलाचा धनी मोजला जात नाही. अडगावी त्याच्याच फौजेतल्या काही पलटणी, असईला शौर्याने लढलेल्या पलटणी, तोफांचा भडिमार होताच पांगल्या आणि त्याला स्वतः पुढे होऊन त्यांना सावरावे लागले. ही गोष्ट तो प्रांजळपणे लिहितो. पण हे शिपाई का बिचकले असतील, याचा विचार मात्र तो करीत नाही. एल्फिन्स्टनची पत्रे खासगी असल्याने त्यांत माणूसपण अधिक आहे. कौतुक येथवर.

आता आम्हाला खटकते ते सांगतो. या सगळ्या पत्रांत वऱ्हाड कुठे आहे?

नोव्हेंबरअखेरचे दिवस म्हणजे आपल्याकडे ज्वारी कापणीला येण्याचे व कापूस वेचणीचे दिवस. त्या काळी पेरण्यांचे प्रमाण आजच्यासारखे नसेल. पण पूर्णेच्या खोऱ्यातली काळी त्या दिवसांत रिकामी नसते. हजारोंचे सैन्य, त्याच्या दुप्पट-तिप्पट बाजारबुणगे, हत्ती, उंट, लाखांच्या घरात बैल अशा रानांतून गेले म्हणजे त्या रानाचे काय होत असेल, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. कोणताही शेतकरी सांगेल. विहिरी एका दिवसात उपसल्या जातात. कडबा जातो. धान्याचे पेव कुठे पुरले आहे याचा शोध दोन्ही बाजूंचे लोक घेतात, आणि पेव दाखवले नाही तर काय होते हे आपल्या आजीच्या आजीला ठाऊक होते. शिवाय १८०३-०४ ही दुष्काळाची वर्षे होती. पुढच्या वर्षी खुद्द वेलस्लीलाच अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, उपाशी लोकांना काम आणि अन्न देण्याची व्यवस्था करावी लागली. ही गोष्ट त्याच्या श्रेयाची आहे, तशीच त्याच्या मोहिमेने पाठीमागे काय ठेवले होते त्याची साक्षही आहे.

यातले काहीच त्या सुंदर दिनक्रमात येत नाही. साडेचारला उठून चहा होतो. त्या चहाचे पाणी कोणत्या विहिरीचे, ते येत नाही. मटण येते, मेंढपाळ येत नाही. हरकारा बातमी आणतो. ती त्याला कोणत्या वेशीपाशी, कोणत्या भेदरलेल्या पाटलाने दिली, ते येत नाही. अडगावच्या लढाईपूर्वी शत्रूची फौज एका गावच्या बुरुजावर चढून न्याहाळण्यात आली, अशी नोंद आहे. इंग्रज लेखकाला तो बुरूज म्हणजे दुर्बीण लावायची एक सोयीची उंच जागा. वऱ्हाडी वाचकाला मात्र गढीचा बुरूज दिसताच कळते, की या गावाने याआधीही लूट भोगली आहे, म्हणून त्याने मातीचे एवढे मोठे अंगरखे आपल्या अंगावर चढवले आहेत. एकाच बुरुजाकडे दोन डोळे पाहतात आणि त्यांतला एकच डोळा लिहिता येणारा असतो. पत्रांची मर्यादा आम्ही म्हणतो ती ही.

याचे कारण एल्फिन्स्टनच्या दुष्टपणात शोधू नये. तो दुष्ट नव्हता. कारण त्याच्या तंबूत आहे. परदेशी माणूस युद्धभूमीवर दोन रीतींनी राहतो. एक आपला देश बरोबर घेऊन राहतो: त्याचे मेज, त्याची खुर्ची, त्याचा आचारी, त्याची भाषा बोलणारी दहा माणसे रोज त्याच्याबरोबर पुढच्या मुक्कामाला जातात. मुलूख बदलतो, तंबू बदलत नाही. अशा माणसाला गावात भाकरी मागावी लागत नाही, म्हणून गाव दिसत नाही. त्याच्या लेखनात जे बारकावे येतात ते सारे छावणीचे असतात, आणि वाचकाला वाटते की आपण मुलूख पाहिला.

गाविलगडाच्या प्रसंगी ही मर्यादा अधिक बोचते. हल्ल्याच्या वेळी एल्फिन्स्टन खिंडारातून आत शिरणाऱ्या लोकांसोबत होता. म्हणजे त्याने ते जवळून पाहिले. बेनीसिंगाचे प्रेत दरवाजाजवळच्या ढिगाऱ्यात सापडले. काही राजपुतांनी हल्ल्यापूर्वी आपल्या स्त्रियांचा शेवट करण्याचा यत्न केला, त्यांत काही जणी मेल्या, असे त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. दोन-चार ओळींत हा विषय आटोपतो. त्या स्त्रियांची नावे कोणी विचारली नाहीत. आणि इतके होऊन दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडेच राहिले. वर्धेच्या पश्चिमेचा बाकी मुलूख त्यांच्या हातून गेला व तो निजामाच्या वाट्यास आला. ज्या तटासाठी माणसे मेली तो तट ज्याचा होता त्याचाच राहिला. आमच्या मते या मोहिमेतली सर्वांत मोठी शोककथा हीच आहे. आणि दिवसाचा तास न् तास टिपणाऱ्या लेखणीने ती लिहिली नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रणांगणावर परके फक्त इंग्रज नव्हते. वेलस्लीच्या फौजेतले बहुसंख्य शिपाई मद्रास इलाख्यातले होते. तमिळ, तेलुगू बोलणारे. वऱ्हाडची थंडी त्यांना एल्फिन्स्टनपेक्षा अधिक बोचली असणार, आणि त्यांच्यापाशी जाड कोट किती होते हे कोणी लिहिलेले नाही. भोसल्यांच्या बाजूने अडगावी अरबांची एक तुकडी गोऱ्या पलटणींवर तलवारी उपसून धावून गेली आणि कापली गेली. समुद्रापलीकडून आलेल्या त्या माणसांची हाडे आपल्या मातीत आहेत. असईला शिंद्यांच्या बाजूने बेगम समरूच्या पलटणी हजर होत्या. ही सरधन्याची बेगम आपल्या कॅथोलिक पंथाची. तिचा बाप्तिस्मा १७८१ सालचा. गाविलगडचा बेनीसिंगही राजपूत. आपल्या खेड्यांतून उत्तरेकडच्या माणसाला आजवर ‘परदेशी’च म्हणत आले आहेत. तेव्हा वऱ्हाडच्या दारात परदेशी परदेश्यांशी लढत होते. त्यांतल्या एकालाच मित्राला पत्र लिहिण्याची फुरसत, कागद आणि ते जपून ठेवणारे घराणे लाभले. उरलेल्यांचा रोजचा दिवस कायमचा बुडाला.

परदेशी माणूस राहतो ती दुसरी रीत कोणती? तंबू नसलेल्याची. तिचे मराठीतले उत्तम उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कोकणातल्या वरसईचे हे भिक्षुक घरच्या कर्जापायी, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत गेले आणि बंडाळीत सापडले. झाशीचा वेढा व लूट त्यांनी शहरात राहून भोगली. बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते लिहिले आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले. गोडसेभटजींचे काही दोष उघड आहेत. ऐकीव गोष्ट ते पाहिल्यासारखी सांगतात. जातीचा अभिमान पावलोपावली दिसतो. झाशीतही त्यांचा वावर मुख्यतः दक्षिणी ब्राह्मणांच्या घरांतूनच होता, म्हणजे त्यांनाही एक लहानसा तंबू होताच. पण लुटीच्या दिवसांत तो तंबू फाटला. तेव्हा त्यांनी पाहिले की लुटीला क्रम असतो: आधी सोनेनाणे जाते, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. ही नोंद तहान-भूक लागलेल्याच्या हातूनच होते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेली तहानलेली राणी त्यांच्या लेखनात इतकी जिवंत झाली, याचे कारण लिहिणाऱ्याला विहिरीचे मोल कळले होते.

एल्फिन्स्टनचे गद्य गोडसेभटजींच्या गद्यापेक्षा नेटके आहे, त्याचा व्यासंग मोठा आहे, त्याची सत्यनिष्ठाही अधिक आहे. तरीही मुलूख दिसतो तो भटजींना. वाङ्मयाच्या परीक्षणात आपण शैलीला फार गुण देतो. लिहिणारा कोणाच्या चुलीवर जेवला, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारला पाहिजे, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

हाच प्रश्न आपण आपल्या घरातही विचारला पाहिजे, नाहीतर आमची टीका एकतर्फी होईल. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यास आला. १५८३ च्या जुलैत साष्टीतल्या कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय आणि त्यांच्याबरोबरचे काही ख्रिस्ती लोक मारले गेले. त्याआधी पोर्तुगीज सत्तेने त्या भागातली देवळे पाडली होती, आणि नंतर त्याच सत्तेने गावच्या प्रमुखांना बोलावून नेऊन ठार केले. आपल्या व्यासपीठांवरून या गोष्टीचा पहिला भाग सांगितला जातो आणि उरलेले दोन भाग गाळले जातात. तेही तंबूतून पाहणेच झाले. स्टीफन्सने त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात कुंकळ्ळीची हकीकत आहे. ती एका बाजूची आहे, यात शंका नाही. पण त्याच पत्रात या देशाच्या भाषांविषयी आदर आहे. त्यांची घडण त्याला ग्रीक-लॅटिनच्या तोलाची वाटते. रक्त सांडल्याची बातमी आणि त्या मुलुखातल्या भाषेचे कौतुक एकाच पत्रात येणे, ही साधी गोष्ट नव्हे. तेहतीस वर्षांनी, १६१६ साली, त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. गावच्या चुलीवर तो किती वेळा जेवला हे आम्ही सांगू शकत नाही. पण ज्यांच्यामध्ये तो राहिला त्यांच्या शब्दांनी त्याने प्रार्थना केली, हे ग्रंथच सांगतो. तंबूबाहेर पडण्याची ही तिसरी वाट, भाषेची.

एल्फिन्स्टनच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वऱ्हाडच्या मोहिमेनंतर तो नागपूरला रेसिडेंट झाला व १८०८ पर्यंत तेथे राहिला. पुढे पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलुखाविषयी त्याने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावगाडा आहे, पाटील-कुलकर्णी आहेत, पंचायती आहेत. ज्या माणसाला १८०३ साली गाव दिसत नव्हते त्याला सोळा वर्षांनी ते दिसू लागले. तो राज्यकर्ताच राहिला, आणि राज्यकर्त्याची नजर मोजणीची असते. तरी नजर रुंदावली हे खरे. म्हणून त्या तरुणपणीच्या पत्रांवर आम्ही कायमचा शिक्का मारीत नाही. कोणी म्हणेल, की खासगी पत्राकडून एवढी अपेक्षा का करावी? मित्राला लिहिताना माणूस आपलेच सांगणार. हा आक्षेप रास्त आहे; पण पत्रे छापली गेली, ग्रंथांत उतरली आणि पिढ्यान् पिढ्या त्यांनीच आपल्या भूमीचे १८०३ साल सांगितले. लेखकाने जी जागा मोकळी सोडली ती मोकळी आहे एवढे तरी वाचकाला कळले पाहिजे. ते सांगणे हेच टीकाकाराचे काम.

आणि हे काम आज आपल्याला जवळचे आहे. आपल्या धर्मग्रामांतून किती घरांचे लेकरू परमुलखात आहे, हे नव्याने सांगायला नको. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तेथून परत आणावे लागले. एका रात्रीत नव्हे. कित्येक आठवडे ती माणसे पाव, पाणी आणि पासपोर्ट यांच्या चिंतेत जगत होती. २०२२ साली युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली महाराष्ट्रातली मुले तळघरांतून दिवस काढीत होती. ४ मार्च २०१६ रोजी येमेनमधील एडन येथे मदर तेरेसांच्या संघाच्या वृद्धाश्रमात चार सिस्टर मारल्या गेल्या. त्यांत एक भारतीय, दोन रवांडाच्या आणि एक केनियाची. फादर टॉम उळुन्नालिल यांना पळवून नेण्यात आले व ते २०१७ च्या सप्टेंबरात सुटले. युद्ध पेटल्यावरही त्या सिस्टर तेथून निघाल्या नव्हत्या, कारण आश्रमातल्या म्हाताऱ्यांना सोडून जायचे कुठे? त्यांच्याबरोबर आश्रमातले स्थानिक कामकरीही मारले गेले. आपल्या मिस्सांत आपण सिस्टरांची आठवण केली, ते योग्यच झाले. त्या कामकऱ्यांची आठवण किती ठिकाणी झाली?

परदेशी माणसाने युद्धात लिहिलेल्या मजकुराकडे आम्ही कोणत्या कसोटीने पाहतो, ते आता एका ठिकाणी मांडतो. पहिले, त्यात रोजचा दिवस असावा. भाकरी, पाणी, थंडी, झोप. येथे एल्फिन्स्टन आदर्श आहे. दुसरे, ज्यांच्या भूमीवर तो राहतो त्यांच्यापैकी निदान एका माणसाचा चेहरा व नाव त्यात असावे. येथे तो अनुत्तीर्ण होतो. तिसरे, आपण कोणत्या छत्राखाली सुरक्षित आहोत, याची लिहिणाऱ्याला जाण असावी. मोशेच्या नियमशास्त्रात इस्राएलला परक्यावर जुलूम न करण्याची आज्ञा देताना कारण दिले आहे ते हेच, की तुम्हीही मिसर देशात परके होता. परकेपण विसरलेला माणूस दुसऱ्याच्या अंगणात तंबू ठोकतो आणि अंगण कोणाचे हे विचारीत नाही.

आमची वाचकांना विनंती आहे. ज्यांची मुलेबाळे युद्धाच्या छायेतून परत आली आहेत, त्यांनी त्यांना लिहिते करावे. विमानाची वाट पाहिल्याची हकीकत तर यावीच. पण त्या दिवसांत शेजारच्या कोणत्या बाईने रोटी दिली, कोणत्या दुकानदाराने उधारी लिहून ठेवली, त्याचे नाव काय, पुढे त्याचे काय झाले, हेही यावे. आणि जे सुट्टीत मुलांना चिखलदऱ्याला घेऊन जातात, त्यांनी गाविलगडाच्या तटापाशी उभे राहून जनरलचे नाव सांगून झाले, की बेनीसिंगाचेही सांगावे. आणि ज्यांचे नाव कोणी लिहिले नाही, त्या गडावरच्या स्त्रियांसाठी व खालच्या गावांतल्या माणसांसाठी एक ‘हे आमच्या बापा’ म्हणावी.